गाळा यशोधरेला, आणि महेंद्रला काही सूचना

लिहून ठेवते मी, श्रीमती शालन शिवराम उबाळे, वय ७४, निवृत्त बालवाडी शिक्षिका, राहणार अंबरनाथ पूर्व. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने करीत आहे. दडपण कोणाचेही नाही. ते माझ्या दिवंगत यजमानांनाही कधी आणता आले नाही.

कलम १. माझा राहता फ्लॅट मुलगा महेंद्र यास मिळावा. तो शिरगावला स्वतःच्या घरात राहतो, तेव्हा विकायचा तर खुशाल विकावा.

कलम २. बँकेतील ठेव व माझ्या पाटल्या सून प्रीती हिला. लग्न होऊन आल्यापासून बालवाडीचा पसारा तिने आवरला, तोंड वाकडे न करता.

कलम ३. तळमजल्यावरील माझा गाळा, जिथे मी बालवाडी चालवली, तो महेंद्रला मिळणार नाही. तो कोचिंग क्लासला भाड्याने द्यायचा त्याचा बेत आहे. मी जिवंत असताना बाकांची मापेही घेऊन झाली. "आई, चिंध्या-मातीचे दिवस गेले आता. कॉम्पिटिशन किती आहे, माहितीये का?" असे तो म्हणतो.

माहीत आहे. पण याच गाळ्यात जवळच्या कॅम्प चार वस्तीतल्या जीन्स शिवणाऱ्यांकडून पोती भरभरून कातरण यायचे. मुले त्याच्या बाहुल्या करायची आणि बाहुल्यांना बटणे वाटता वाटता भागाकार शिकायची. बारवी धरणाकडच्या वाडीतली नवसी इथेच आली. तिची आई शेजारी बांधकामावर मजुरीला होती. कित्येक महिने पोर एक अक्षर बोलली नाही. एकदा मी तिच्या हातात मातीचा गोळा दिला. तिने अख्खी वाडी उभी केली आणि एका खड्ड्यावर बोट ठेवून म्हणाली, "ही आमची हीर. लय लांब हाय, बाई." किती लांब, हे सांगायला आकडे लागत होते, म्हणून ती आकडे शिकली. आज ती त्याच वाडीत अंगणवाडी चालवते. ते दिवस आठवले की मला अजून रडू येते.

महेंद्र, तूही याच मातीतला. वडिलांची छत्री उसवून तू काड्यांचा पूल केला होतास. ते भर पावसात पोते पांघरून कारखान्यात गेले. जाताना मला म्हणाले, "पूल मोडू नको गं. संध्याकाळी बघायचाय मला." तू इंजिनियर झालास त्याचे श्रेय मी त्या छत्रीला देते.

आणि तू काय केलेस? शाळेच्या प्रदर्शनासाठी यशोधरेने कागदाच्या लगद्याचा ज्वालामुखी केला. थोडा कलला होता. तू तो कचऱ्यात टाकलास आणि दुकानातून तयार आणलास. त्याला बक्षीस मिळाले. पोरीने मला विचारले, "आजी, हा मी केला असं सांगायचं का?" तेव्हापासून ती कशालाच हात लावत नाही. चित्र असो की गणित, "पप्पा, तुम्हीच करा." नऊ वर्षांची मुलगी, आणि आपल्याला काही येणार नाही अशी तिची खात्री झाली आहे. मला मरणाचे भय नाही, याचे आहे.

म्हणून गाळा नात यशोधरा महेंद्र उबाळे हिला. ती सज्ञान होईपर्यंत महेंद्रने सांभाळावा, भाड्याने देऊ नये, आणि तिथे तिला व गल्लीतल्या पोरांना हवा तेवढा पसारा करू द्यावा.

कलम ४. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करावा. पुण्यानुमोदनाच्या दिवशी माझा स्टुडिओतला फोटो लावू नये. यशोधरेने माझे चित्र काढावे आणि त्यालाच हार घालावा. नाक वाकडे आले तर वाकडे राहू द्यावे. महेंद्रने खोडरबराला हात लावू नये. आलेल्या माणसांना ओळख पटली नाही आणि त्यांनी "हे कोणाचं चित्र?" म्हणून विचारले, तर महेंद्रने गप्प बसावे. तिला सांगू द्यावे.

सही: शालन शिवराम उबाळे

साक्षीदार:
१. नवसी बुधाजी वाघ, अंगणवाडी सेविका
२. हरिचंद्र मोरे, वरचा मजला (बालवाडीच्या गोंगाटाची तक्रार यांनी जन्मभर केली, नातवंडे मात्र इथेच पाठवली)

ठिकाण: अंबरनाथ पूर्व
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५