जोड्याची जीभ

सावली, ता. १२ ऑक्टोबर १९५४

ती. गुणाबाईस,
धाकट्या भावाचा, भैयाजीचा सा. न. वि. वि.

बाबांची पेटी घेऊन चांद्याला बाबूभाई मिस्त्रींकडे गेलो होतो. जेवून घ्या, मग पुढचं वाचा. पेटीत हवा टिकत नव्हती म्हणून त्यांनी माझ्यासमोर भाता उघडला. आत उंदराच्या लेंड्या, झुरळांची अंडी. हवेच्या दोन कातडी झडपांपैकी एक कुजून लोंबत होती. दुसरीवर लाल दोऱ्याचं फूल! बाबूभाईंना ती नक्षी वाटली. मी ओळखलं. ती बाबांच्या जोड्याची जीभ आहे.

पाहुण्यांना विहिरीपाशीच वहाणा काढायला लावणाऱ्या बाबांनी देवघरातल्या पेटीत जोडा कोंबावा? परवा दसऱ्याला मी तिच्यावर कपाळ टेकलं होतं! तीनदा अंघोळ केली तरी शिसारी जात नाही. दोन्ही झडपा मेणकापडाच्या करायला लावल्या. बाबूभाई म्हणाले, भाऊ, याच्यानं पेटी दम नाई धरायची. तसंच झालं, नुसती फुसफुसते. मंडईच्या जत्रेतला दंडारीचा नाच-गाण्याचा खेळ पंधरा दिवसांवर आला आहे आणि मला ही घाण वैनगंगेत सोडावीशी वाटते.

तुमचा लोभ आहे, म्हणून एवढं ओकलो.
भैयाजी

ब्रह्मपुरी, ता. १६ ऑक्टोबर

चि. भैयाजीस,
गुणाबाईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र जेवतानाच वाचलं. तू एवढा सोवळा कधीपासून झालास रे?

माझ्या लग्नाआधीच्या वर्षी ऐन मंडईच्या दिवशी झडप फाटली. माणसं जमलेली. बाबांनी मागच्या अंगणात जोड्याची जीभ कापली, पेटीत बसवली आणि भडभडून ओकले. साल निघेपर्यंत राखेने हात घासले. कोणाला सांगायचं नाही असं मला बजावलं, आणि दंडारीत जाऊन बसले. किळस तुझ्यापेक्षा त्यांनाच जास्त होती.

ते गेल्यावर मी जोडे मागून आणले ते म्हणूनच. दुसरा जोडा पार्सलाने पाठवते. त्याची जीभ शाबूत आहे, पण कात्री लावायला माझा हात होत नाही. तू लाव.

रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी गुणाबाई

सावली, ता. ३१ ऑक्टोबर

ती. गुणाबाईस,
सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. दोन दिवस त्याला शिवलो नाही. मग मीच त्या जोड्याची जीभ कापली, आणि बाबांसारखाच ओकलो. ती घेऊन चांद्याला गेलो, तर आधीची जीभ बाबूभाईंनी डबीत जपून ठेवली होती; दोन्ही त्यांनी पेटीत बसवल्या. म्हणाले, मले मालूम होतं तुम्ही परत याल.

दंडारीत पेटीचा दम एकदाही तुटला नाही. किळस मात्र अजून आहे. आज सकाळीही राखेने हात घासले.

जोडा परत मागू नका. तो देवघरात पेटीखाली ठेवला आहे.

आहे तो लोभ असाच राहो.
भैयाजी