मारलं की मधे यायचं

७ मार्च १९९९, रवि.
मिनूचा आज पुन्हा घोळणा फुटला. भर दुपारी, टेनिस कोर्टावर. बायका-मुलींची वेळ तीच, तीन ते साडेचार. सकाळी साहेब लोक, संध्याकाळी पुन्हा साहेब लोक. कोर्ट सिमेंटचं. गडचांदूरच्या सिमेंट कॉलनीत दुसरं कशाचं असणार! मार्चातच बुटातून तळवे भाजतात. पोरीचं नाक दाबून दवाखान्यात नेलं. ड्यूटीवर नसीम होती, तिथली नर्स आणि माझी खेळातली जोडीदार. तिनं मिनूच्या डोक्यावर पाणी थापलं आणि मला झापलं. "एवढ्या उन्हात पोट्टीले खेळवून राह्यली तू? अक्कल हाय का नाई?"
खेळवू नको तर काय करू? अकरा वर्षांच्या पोरीला टेनिसचं वेड, आणि ते लावलं मीच.

९ मार्च, मंगळ.
क्लबच्या सेक्रे. साहेबांकडे गेले. सकाळचा एक तास मुलींना द्या म्हटलं. हसले. "वहिनी, सकाळी सीरियस गेम असतो." मीही हसले, दात दाखवून. मग म्हणाले, एकवीसला टूर्नामेंट आहे, नाव द्या. आमच्यातल्या एकाला जरी हरवलंत तर सहा ते सात तुमचं.
चारचौघांत म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं. तिथल्या तिथे नाव दिलं.

१० मार्च, बुध.
चिठ्ठी निघाली. माझी मॅच लोणकरशी. नागपूरचा पोरगा, नवा इंजिनिअर, फटका असा की चेंडू दिसतच नाही. मिनूचे बाबा पेपराआडून म्हणाले, "दुसरा कोनीबी चालला असता." धीर देण्याची ही त्यांची पद्धत.

१३ मार्च, शनि.
नसीमला सुट्टी. दुपारभर खेळलो. मी पळून पळून मेले, पॉइंट तिचे. शेवटी रॅकेट कमरेवर ठेवून म्हणते, "तू मारते मस्त. पण मारल्यावर तिथीच काऊन उभी राह्यते? फोटो काढून राह्यलं का कोनी?"
मी भडकले. तालुक्याला खो-खो खेळलेली बाई मी, मला पाय शिकवतेस? भांडून घरी. पाणीसुद्धा न पिता.

१४ मार्च, रवि.
मेथी निवडता निवडता लख्ख कळलं. नसीमचं खरं आहे. आणि कारणही कळलं!
सिंदेवाहीच्या शाळेत मी नेहमी पाठलागाला. खो मिळाला, एकदा ज्या बाजूला वळलो त्याच बाजूला जायचं. मधेच मागे फिरलं की फाऊल. थेट खांबापर्यंत. पायांत अजून तेच भरलंय. चेंडूपर्यंत वाऱ्यासारखी जाते, मारते, आणि पाय म्हणतात, बस, आता फिरायचं नाही. तोवर पुढचा चेंडू पार त्या कोपऱ्यात. इथे कुठला आलाय खांब! एकटीच हसत बसले. मेथी तशीच टाकून नसीमकडे. तुझं खरं होतं, म्हटलं.
"मालूम होतं. चाय घे."

१८ मार्च, गुरु. पाडवा.
गुढी उभारली, पुरण झालं, आणि दुपारी कोर्टावर. सणाचं कोण येणार? नसीम आली.
मारलं की मधे यायचं. पाठ फिरवायची नाही. तोंड जाळीकडे, आडवं सरकत यायचं, धानाच्या बांधीतल्या खेकड्यासारखं. समोरचा मारणार तेवढ्यात जागच्या जागी बारीकशी उडी, टाचा जमिनीला नाहीत. पाय टेकले की ज्या बाजूला चेंडू त्या बाजूला सुटायचं. मग डावा पाय पुढे, खांदा आडवा, आणि हाण. पाच दिवस हेच. मांड्या भरून आल्यात. मिनू सावलीतून ओरडते, "आई, मधे!"
ओट्याशीही उडी मारते मी. मि.चे बाबा म्हणाले, "नाचून घे, पन पोळी जळून राह्यली."

२१ मार्च, रवि.
जिंकले!! सात-पाच.
आता नीट लिहिते.
सुरुवातीला चार-एकनं मागे. लोणकर कोपऱ्याकोपऱ्यात मारत होता आणि मी उडी विसरले होते. बाजू बदलताना नसीम एवढंच म्हणाली, "डोकं घरी ठेव. पाय चालव." मग चालवले. उजवीकडे मारलं, मधे. डावीकडे मारलं, मधे. त्यानं कुठेही टाकावा, मी तिथे. एका पॉइंटला पोरगं कंटाळून स्वतःच बाहेर मारून बसलं! पाच-पाच झालं तेव्हा तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता, आणि मी, छत्तिसाव्या वर्षी, टुणटुण उड्या मारत होते. शेवटचा चेंडू त्यानं जाळीत घातला. मिनू कुंपण चढून आली. मि.चे बाबा उभं राहून शिट्टी वाजवत होते. शिट्टी! लग्नापासून एकदाही ऐकली नव्हती.
लोणकर जाळीशी येऊन म्हणाला, "वहिनी, तुम्ही एकट्याच होत्या का दोघी खेळून राह्यल्या होत्या?"
दुसरी मॅच हरले. हरले तर हरले.

२२ मार्च, सोम.
सेक्रे. साहेब: "अभिनंदन, वहिनी. वेळेचं आता कमिटीत ठेवू."
कमिटी कधी? उन्हाळ्यानंतर.
असा संताप आला की तडक घरी निघून आले. मि.च्या बाबांपुढे भरपूर बोलले. मि.चे बाबा म्हणाले, "जिंकली ना तू? मंग विचारते काऊन?"
संध्याकाळी घरोघर फिरले.

२४ मार्च, बुध.
सकाळी पावणेसहाला आम्ही सात जणी कोर्टावर. चार मुली, नसीम, मी, आणि शेजारच्या काकू, ज्यांनी आयुष्यात रॅकेट धरली नाही. गार वारा होता. या कोर्टावर सकाळचा वारा असतो हे मला ठाऊकच नव्हतं.
सहाला सेक्रे. साहेब फाटकात, मागे तिघे. "वहिनी, मीटिंग व्हायची आहे अजून."
मी काही बोलणार तोच नसीम म्हणाली, "घ्या ना साहेब मीटिंग. तवरक आमी खेळतो."
कोणी हललं नाही. मग मागून लोणकर आला, बॅग बाकावर ठेवली आणि जाळीमागचे चेंडू गोळा करून मिनूच्या हातात दिले. "शब्द मी पण ऐकला होता, सर." साहेब लाल झाले. गेले नाहीत, आत आले नाहीत, घड्याळ बघत उभे राहिले. मिनूनं डावा पाय रेषेमागे टेकला, चेंडू वर टाकला आणि सर्व्हिस केली.
बरोबर सातला कोर्ट सोडलं. जाताना साहेब म्हणाले, "उद्या बघतो."
काकूंनाही उद्या यायचंय. गजर पाचचा लावला आहे.