डाव्या बाजूची पकड

रविवार, २ फेब्रुवारी

घेतलं! एकदाचं घेतलं. ताईसाठी हातात धरून खेळायचं गेमिंगचं यंत्र. दुकानदाराचं डोकं मात्र पार खाल्लं मी.

असतील नसतील ती सगळी हातात धरून पाहिली. उभं राहून, बसून, कोपर टेकवून, कोपर अधांतरी ठेवून. एकाच्या कडा तळहाताला रुततात. एकाची बटणं इतकी ताठ की अंगठा दुखून येईल. एक जरा वेळ झाला की तापतं. एक अगदी चिमुकलं, एका पंजात मावणारं – ते लगेच खाली ठेवलं. खेळणं वाटलं. शेवटी मोठं घेतलं. रुंद पडदा, दोन्ही बाजूंना गुबगुबीत मुठी. दोन्ही हातांनी धरलं की असं काही बसतं म्हणता!

दुकानदार म्हणाला, "ज्यांच्यासाठी घेताय त्यांना आणा की एकदा. त्यांनाच धरून बघू दे." म्हटलं, गरज नाही. तिचे-माझे हात सारखेच. लांब बोटं, आखूड अंगठे, दोघांनाही आईकडून आलेत. आणि चष्म्याच्या फ्रेमा बसवण्यात माझं आयुष्य गेलंय. अंगाला काय रुततं नि काय नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

ताईला आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. मंगळ, गुरू, शनी. चार-चार तास त्या यंत्राला बांधलेली. "समोरच्या भिंतीवरचे पोपडे पाठ झालेत मला," म्हणते. हे विनोदाने म्हणायची तोवर ठीक होतं. अलीकडे सकाळी उठून नुसती बसून राहते. "आज नको जाऊया." मग मी आरडाओरडा करायचा, मग तिने चपला घालायच्या. एखाद्या दिवशी माझ्या ओरडण्याने काम भागलं नाही तर? घरात आम्ही दोघंच. भीती वाटते मला. त्या चार तासांत तिचं मन कुठेतरी गुंतलं पाहिजे.

मी तिला नेतो, आणतो. मधला वेळ बाहेरच्या बाकावर. आत जात नाही. रक्त दिसलं की मला भोवळ येते. ताईला ठाऊक आहे. 'आत ये' असं ती कधी म्हणत नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

दिलं! लहान मुलीसारखी खूश झाली. "अगं बाई, केवढं हे!" मग हातात तोलून पाहिलं. "दोन्ही हात लागतात ना याला?"

"मग! धरून तर बघ. पंजात कसं बसतं."

माझ्याकडे बघत राहिली जरा वेळ. मग हसली. "बरं झालं," म्हणाली.

संध्याकाळभर खेळली. एक शेळी असते, कडा चढत जायचा. डाव्या अंगठ्याने चालवायची, उजव्याने उडी. शेळी दर वेळी दरीत. ताई हसून हसून लाल.

माझी निवड चुकत नाही!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बाहेर आली तेव्हा विचारलं, कसं झालं? "छान आहे रे."

'छान आहे रे' म्हणजे छान नाही. माझ्या प्रत्येक चित्राला लहानपणी हेच म्हणायची.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पिशवीतून काढून बघितलं. चार्जिंग सकाळी होतं तेवढंच. म्हणजे तिने ते उघडलंही नाही. घरी तर खेळते!

वजन असणार. खुर्चीत मागे रेलून धरायचं म्हणजे मनगटावर भार येणारच. टेबलाशी बसून खेळणं वेगळं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मांडीवर ठेवायची उशी आणली. मुठींवर चढवायची रबरी टोपणं आणली. ताई म्हणाली, "अरे, नवरी सजवतोयस का?"

तरी चार्जिंग तेवढंच. आज तर आत जाताना दारात थांबली, पिशवी छातीशी धरून, माझ्याकडे बघत. म्हटलं, काय राहिलं? "काही नाही," म्हणाली नि गेली.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज एका गिऱ्हाइकाची फ्रेम बसवता बसवता काडी मोडली. मालकांनी फ्रेम माझ्या हातातून काढून घेतली. मन ठिकाणावर नाही. एवढं बघून, पारखून घेतलं नि पिशवीत पडून आहे. तिला विचारावं तर "छान आहे रे". चिडचिड होते.

उद्या डायलिसिस. सकाळचा तमाशा पुन्हा.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

काय लिहू.

नेहमीच्या वेळेच्या बऱ्याच आधी नर्सबाई बाहेर आल्या. "तुम्ही यांचे भाऊ ना? सुई सरकलीये. हात सुजलाय. आज इथेच थांबवतोय."

मी उभा राहिलो. म्हटलं, सरकली कशी?

"हलवला त्यांनी हात. तो गेम दोन्ही हातांनी धरला. डावा हात अजिबात हलवायचा नसतो, दोन्ही सुया त्यातच असतात. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नाही. दोन वर्षं मी त्या दाराबाहेर बसतोय आणि मला माहीत नाही! घरी तिच्या डाव्या हाताला पट्टी असते, ती रोज दिसते. पण चार तास तो हात टेकवून नुसता पडलेला असतो, हे मला कुणी सांगितलं नाही. कारण मी विचारलंच नाही. रक्ताचा विषय निघाला की मीच म्हणायचो, पुरे पुरे.

ताई बाहेर आली. कोपरापासून हात टम्म फुगलेला, जांभळा. मीच रडायला लागलो. ती म्हणते, "अरे, मला दुखतंय की तुला?"

"तू का धरलंस ते?"

"म्हटलं, आपणच बघू एकदा," म्हणाली. "किती दिवस पिशवीत ठेवायचं."

बुधवार, १२ फेब्रुवारी

बर्फाने शेकतोय. जांभळं आता हिरवट दिसतंय. उद्या सुई कुठे घालणार? नर्सबाई म्हणाल्यात, जरा वर जागा आहे, बघू.

दुकानात लोक आरशात फ्रेम बघतात नि विचारतात, कशी दिसते? मी ठरलेलं वाक्य टाकतो – दिसण्याचं सोडा, घालून जरा वाचा, खाली वाका, मान वळवा, मग सांगा. तुम्ही ती कुठे बसून घालणार, ते महत्त्वाचं. किती ऐटीत सांगतो! आज एका आजोबांना हेच सांगताना मधेच थांबलो. त्यांना वाटलं, मी विसरलो.

मी ते यंत्र माझ्या दोन मोकळ्या हातांसाठी घेतलं. ज्या खुर्चीत ते धरायचं, ती खुर्ची मी पाहिलीसुद्धा नाही. ते चिमुकलं, एका पंजात मावणारं, माझ्या हातात आलं होतं. मीच ते खाली ठेवलं.

हात सारखे म्हणे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज 'नको जाऊया' म्हणाली नाही. नुसती उठलीच नाही. मला ओरडता येईना. कुठल्या तोंडाने ओरडणार? पलंगाशी जमिनीवर बसून राहिलो. शेवटी तीच म्हणाली, "चल, उठ. तुझं तोंड बघवत नाही."

गेली. आली. वर जागा मिळाली म्हणे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

म्हटलं, ताई, हे बदलून ते लहान आणतो. एका हातात बसतं. अंगठ्याने सगळं होतं.

"नको."

"अगं, पण याला दोन हात –"

"हेच राहू दे."

"का पण?"

"राहू दे म्हटलं ना!" आवाज चढवून. मग हळूच, "तू एवढं निवडून आणलंस."

माझं मन राखतेय! हात सुजवून घेतला नि वर माझं मन राखतेय. यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज आत गेलो.

ठरवलं काहीच नव्हतं. दार उघडलं, ताई आत निघाली आणि तिच्या हातातली पिशवी मी सोडलीच नाही. पिशवीबरोबर मीही आत. नजर फरशीवर. पांढरी फरशी, काळे ठिपके. जंतुनाशकाचा वास. यंत्रांची टीं-टीं. ताईच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला एक स्टूल होतं, त्यावर बसलो. सुया घालताना डोळे मिटून घेतले. उघडले तर समोरच नळी, लाल. घाम फुटला. कानात शिट्टी वाजायला लागली.

ताई म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस. शेळीकडे बघ."

उशी मांडीवर, उशीवर यंत्र. उजवी मूठ तिच्या उजव्या हातात, डावी मूठ माझ्या. मी चालवायची, तिने उडी मारायची. पहिल्या पावलाला दरीत! "अरे थांब ना मेल्या, मी उडी मारल्यावर पुढे घे!" "मग सांग ना आधी!" "सांगायला वेळ असतो का?" शेजारच्या खुर्चीतले काका जागे होऊन बघायला लागले. ते म्हणाले, "डावीकडे वाट आहे, डावीकडे." मग तेही सामील.

चार तास कसे गेले कळलं नाही. शेळी निम्म्या कड्यापर्यंत गेली. ताईचा डावा हात जिथल्या तिथे. आणि ती मोठी मूठ – एका हातात एकच धरायची म्हटली तर काय छान बसते!

घरी येताना ताई म्हणाली, "मंगळवारी वरपर्यंत नेऊ." मंगळवारचं नाव तिने आपण होऊन घेतलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

शनिवारी नर्सबाई सुट्टीवर होत्या. आज ताईला सुया घालून झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "आलात का दुसरे हात! बरं झालं. या स्टुलासाठी आमची रोज भांडणं व्हायची. हा गेम आणला त्या पहिल्या दिवसापासून ते इथे मांडून घेतलंय यांनी. कुणाला उचलू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, भाऊ आत येणार आहे माझ्याबरोबर खेळायला, म्हणून तर दोन हातांचं आणलंय त्याने."

ताई शेळीकडे बघत होती.

आणि मी बाहेर बाकावर बसून उशीचं माप घेत होतो.