तुझी मिश्रीची डबी

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला आता डोळे मिटावे लागतात. तुझी मिश्रीची पितळी डबी मात्र माझ्याकडेच आहे, आणि तिच्यापायी काल मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

मला स्तनाचा कॅन्सर झालाय. इथंच सोलापुरात केमो चालू आहे. केस गेले त्याचं एवढं वाटलं नाही, डोक्यावर पदर असतोच. पण तोंड आलंय गं. जीभ आणि गाल आतून सोलवटलेत, ओठ इतके उललेत की हसले तरी रक्त येतं. शेंगाचटणीशिवाय घास न उतरणारी तुझी लेक दुधात कुस्करलेली भाकरीसुद्धा रडत गिळते. तोंड असंच राहिलं तर पुढचा डोस लांबवावा लागेल, असं डॉक्टर म्हणालेत. नर्सबाईंनी मीठ-सोड्याच्या पाण्यानं चुळा भरायला सांगितल्यात. सून न चुकता तांब्या आणून ठेवते.

तरी काल दुपारी आग सोसवेना, तेव्हा मला तुझी चूल आठवली. मी शाळकरी पोर, दाढ ठणकतेय, तू तव्यावर मिश्रीचा तंबाखू भाजतेयस. जळका वास घरभर. तुझं बोट माझ्या हिरडीवर फिरतं. "गप की गं. आत्ता ऱ्हाईल बग. माज्या आईनं मला अशीच लावली हुती." आणि खरंच कळ राहिली होती. पुढं अंगणवाडीत लागल्यावर मी बायकांना मिश्री सोडा म्हणून दारोदार सांगत फिरले. तुलाही सांगितलं. "व्हय बाई, तू शिकलीस," म्हणून तू हसलीस.

मिश्री लावते म्हणून शेजारणीला मी कायम दटावत आले, काल तिच्याचपुढं डबी धरली. तिनं तिच्या मिश्रीच्या दोन चिमट्या घातल्या. न्हाणीत कडी लावून मी ती गालाच्या आत चोळली आणि तोंडात जाळच झाला. माझं ओरडणं ऐकून सून धावली. कशीबशी कडी काढली, तर माझं बोट काळं, ओठ काळे, लाळ गळतेय.

"अवो आत्या, काय केलं तुमी हे? आदी चूळ भरा बगू."

"दवाखान्यात सांगू नकोस गं."

"सांगायचंच. लपवून कसं बरं व्हईल?"

तिनं डबी मागून घेतली. गेली उकिरड्यावर, असंच मी धरून चालले. संध्याकाळी तिनं ती राखेनं घासून परत आणली, आत ओठांचं मलम भरून. "तुमच्या आईची हाय न्हवं, टाकू कशी?" मला मान वर करवेना. दारोदार फिरले, पण हिच्यासारखं एकाही बाईशी बोलले नाही मी.

उद्या डॉक्टरांना सगळं सांगायचं कबूल केलंय. हे पत्र कुठं टाकणार, उशीच्या अभ्र्यात राहील. एक गोष्ट सुनेलाही सांगितलेली नाही. डबीच्या झाकणाला तो जळका वास अजून आहे. मलम लावायच्या आधी मी तो हुंगते.