शेवटी बटण दाबणारी

३ फेब्रुवारी

चि. प्रोफेसरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. तुझी वहिनी बरी आहे, गुडघे सोडून. काळजी आहे ती आमच्या ठकीची. तिच्या वॉर्डातल्या एक बाई औषधाचा डोस जास्त झाल्याने गेल्या. डोस इस्पितळाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने ठरवलेला, पण पडद्यावर ‘मान्य’ दाबलं ठकीने. आता नर्सिंग कौन्सिल तिचा परवाना काढून घेणार म्हणतात. पोरगी दोन घास धड खात नाही.

असल्या यंत्राच्या चुकीला कायद्याने जबाबदार कोण, यावर तू बारा वर्षं डोकं फोडलंस. आम्ही चिडवायचो की या विषयाला कुत्रं विचारत नाही. आता मीच विचारतोय. इस्पितळाच्या वकिलाने सुनावणीत तुझाच लेख पुढे केला म्हणे. मी वहिनीला म्हटलं, चला, घरचंच माणूस आहे, ठकी सुटली. तेवढं खरं असल्याचं उलट टपाली कळव.

तुझा,
दादा

१९ फेब्रुवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी ठकीला फोन लावला. त्या लेखात मी म्हटलंय की यंत्राचा सल्ला शेवटी जो मान्य करतो, जबाबदारी त्याची. माझ्या डोळ्यांपुढे मोठे डॉक्टर होते, संचालक होते. यंत्राचं नाव सांगून त्यांनी नामानिराळं राहू नये, एवढंच मनात होतं. पण अडतीस रोग्यांमागे दोन नर्स, आणि ‘मान्य’ दाबल्याशिवाय औषधाचा कप्पाच उघडत नाही, हे मला ठकीने फोनवर सांगितलं तेव्हा कळलं. नकाराला मोठ्या डॉक्टरांची सही लागते आणि ते फोन उचलत नाहीत. म्हणून सगळ्याच जणी न बघता दाबतात. बारा वर्षांत मी एकदाही वॉर्डात पाऊल टाकलं नाही, दादा. ग्रंथालयात बसून अक्कल पाजळली.

काल कौन्सिलपुढे जाऊन माझं चुकलं म्हणून सांगितलं. अध्यक्ष फार सौजन्याने म्हणाले की तुम्ही मुलीच्या आत्या, तेव्हा तुमचा लेख आम्ही धरू, तुमची साक्ष नाही. लेख मागे घ्यायला मासिकाला लिहिलं, तर संपादक विचारतात, त्यात नेमकी चूक कुठे आहे. कोणत्या तोंडाने तुमच्या दारात येऊ?

लोभ उरला असेल तर तेवढा राहू द्यावा.

तुझी धाकटी

७ मार्च

ति. आत्यास,
शि. सा. न.

निकाल लागला. परवाना गेला. काल सामान आणायला गेले तर माझ्या जागी नवी मुलगी आलेली. पडदा तोच. तिला कप्पा उघडेना, म्हणून कुठे दाबायचं ते मीच दाखवून आले.

आई रडते. बाबा तुझं नाव काढलं की उठून जातात. त्यांचा राग मनावर घेऊ नकोस.

तुझे फोन येतात, मी मुद्दाम घेत नाही. तू म्हणणार की माझी चूक नव्हती. गेलेल्या बाईंचा मुलगा इस्पितळाच्या फाटकात भेटला. ओरडला नाही. डोस किती आहे ते बघितलं होतं का, एवढंच त्याने विचारलं. मी नाही म्हणाले.

घरी येऊन तुझा लेख काढला. तीनदा वाचला. तो मागे घेऊ नकोस, आत्या. मला पटला.

तुझी,
ठकी