चौथी ‘ब’चा गावगाडा

१५ डिसेंबर, नांदेड
सई शाळेतून उड्या मारतच आली. स्नेहसंमेलनात पार्ट मिळाला. चौथी ‘ब’ ‘आपला गावगाडा’ बसवतेय. मी कणीक मळत होते. म्हटलं, काय झालीस मग? "चांभार! मला डायलॉग पण आहे."
हात परातीतच राहिले. हसले बहुतेक. ती नाचत आत गेली.
पोरीला आपली जात माहीत नाही. आम्ही दोघांनी ठरवूनच सांगितलेली नाही. दहावीपर्यंत तरी नको म्हटलं होतं. शाळेला मात्र बरोबर माहीत. इथं आडनाव पुरतं.

१६ डिसेंबर
हाफ डे टाकून शाळेत. तालीम चालू. माइकवर एक मुलगी घोकलेलं म्हणत होती – ब्राह्मण मुखातून, क्षत्रिय बाहूंतून, वैश्य मांड्यांतून, शूद्र पायांतून. जो तो आपापला धर्म पाळायचा, म्हणून गाव सुखी होतं म्हणे.
मग सई. खाली बसून जोडा शिवायचा. पाटील झालेला पोरगा खुर्चीवर, त्याच्या पायात घालायचा. मग त्या पायाला हात लावून कपाळाला लावायचा. "मालक, तुमची सेवा हाच माझा धर्म." हा तो डायलॉग.
वर्गाच्या मॅडमना गाठलं. गोड हसून म्हणाल्या, "जात बघून नाही हो दिलं कुणाला. पण चांभार तर दाखवावाच लागतो ना. बाकी कुणाच्या घरचे तयारच होईनात."
म्हणजे बाकीच्यांना विचारलं होतं. आम्हाला विचारायचीसुद्धा गरज वाटली नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा.
म्हटलं, पार्ट बदला. "बदलते की. पण सईला तुम्हीच सांगा. लई रडंल ती. मी काय कारण सांगू?"
रस्ताभर शिव्या देत आले. मॅडमच्या वाटणीच्या एका रिक्षावाल्याला बसल्या.

१७ डिसेंबर
यांचा फोन, लातूरहून. बदली झाल्यापासून आमची भांडणंही फोनवरच. "उगं कशाला डोकं फिरवून घेऊन राहिलीस? दोन मिनिटाचं नाटक हाय." म्हटलं, मग मॅडमच्या पोराला बसवा की दोन मिनिटं खाली. मग म्हणाले, "काढून घे तिला. पण का काढलं म्हणून सांगशील?"
तेच तर. पार्ट काढून घ्यायचा तर तिला जात सांगावी लागते. करू द्यायचा तर ते पायाला हात लावणं सगळ्या हॉलसमोर बघावं लागतं. घाण त्यांची, निस्तरायची आम्ही.

१९ डिसेंबर
रेणापूरहून मामा आलेत, माझे सासरे. अर्धा जन्म जोडे शिवण्यात गेला त्यांचा. यांना नोकरी लागली तेव्हा बंद केलं. सई आल्या आल्या त्यांच्या मागे – "आबा, जोडा शिवायची आरी कशी धरायची?" मला वाटलं, उठून जातील. तर पेन्सिल हातात घेऊन शिकवायला बसले की! दोघं हसत होते. खरं सांगते, मला त्या हसण्याचाही राग आला.
मग तिनं पुढचं करून दाखवलं. वाकून त्यांच्याच पायाला हात लावला, कपाळाला नेला, डायलॉग म्हटला. मामांनी पाय एकदम आखडून घेतले.
"आरी धरायला शिकवतो माय. हे न्हाई शिकवणार."
"का आबा?"
"मला येत न्हाई ते."
खोटं बोलले. जन्मभर दुसरं काय करायला लावलं होतं त्यांना? जेवले नाहीत नीट.

२१ डिसेंबर
वर्गाच्या ग्रुपवर तालमीचा व्हिडिओ. खाली मॅडम – "सई किती नॅचरल करते!" मग अंगठ्यांची रांग. एका आईनं लिहिलं, रक्तातच असतं ते. लगेच डिलीट. पण मी वाचलं होतं.
फोन धुऊन काढावासा वाटला.
मी उलट काहीच लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. स्वतःचीच किळस...

२३ डिसेंबर
आज स्ने.सं. सकाळी तिला धोतर नेसवलं, स्कूटीवर मागे बसवलं. करू दे, असं मनाला समजावलं होतं. शाळेजवळ आल्यावर सई म्हणाली, "आई, मी सगळ्यांचं जुळवून बघितलं. साईनाथच्या पप्पांचं सलून आहे, तो न्हावी. गौरीच्या आजोबांचं सोन्याचं दुकान, ती सोनार. अथर्वचे काका पूजा सांगतात, तो भटजी."
"हं."
"आपलं तर चपलांचं दुकान नाही. मग मला का दिलं?"
गेट समोर. आत माइक चालू – मुखातून, बाहूंतून. मॅडम हात करून बोलावत होत्या. मी गाडी वळवली.
आता रसवंतीवर बसलोय. मॅडमचे फोन येऊन राहिलेत, उचलत नाही. मामांचाही येऊन गेला. सई धोतरातच रस पितेय. रडली नाही. एवढंच म्हणाली, रस पिऊन झाला की सांग.
डायरी पर्समध्ये होती. लिहीत बसलेय म्हणजे तेवढंच लांबवतेय.
ग्लास रिकामा झाला. बघतेय माझ्याकडे.