चाळीस मिनिटांचा यतिभंग

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे ते नीट कळव. नुसतं ‘बरा आहे’ लिहू नकोस. तो मोडला होता तेव्हाही तू तेच लिहिलं होतंस.

तुझ्या लेकीने विश्वासाने काम दिलं आणि मी माती खाल्ली. आता तिने ते काढून घेतलंय. ती वेधशाळेत दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधते, हे तू साऱ्या गोतावळ्याला ऐकवलंच आहेस. ग्रह काही दिसत नाही. तो ताऱ्यासमोरून गेला की उजेड केसभर उतरतो आणि आलेखाच्या रेषेत खळगी पडते. यंत्राकडून निसटलेल्या खळग्यांवर खुणा करायला तिला रिकामटेकडी माणसं हवी होती. (पहिला फोन मामाला. मी तो मान समजलो.)

त्या रेषेत मला आपली शाळा दिसली गं. खळगी म्हणजे लघु, सपाट रेषा म्हणजे गुरू. गुरुजी टेबलावर छडीचा ठेका धरून वृत्तं म्हणवून घ्यायचे, तसे मी दुपारभर तारे चालीवर म्हणायचो. (सून दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा डॉक्टरांचा नंबर शोधत होती.) एक तारा तर असा गोड, की दर अकरा दिवसांनी खळगी, घड्याळ लावून घ्यावं. पाचवी मात्र चाळीस मिनिटं उशिरा आली. चक्क यतिभंग! शब्द मध्येच तोडून श्वास घेणाऱ्याला गुरुजी बाकावर उभं करायचे. मी तेवढा कठोर नाही. खूण अलगद उचलली आणि हवी तिथे ठेवली. पुढे आठवीही सावरून घेतली.

भाचीचा फोन आला. आवाज चढवला नाही, तिथेच मी घाबरलो. म्हणाली, “मामा, तो उशीर हीच तर बातमी होती. न दिसणारा दुसरा ग्रह पहिल्याला ओढतोय, म्हणून तो रखडला. तुम्ही अख्खा ग्रह खोडलात.” (मूळ रेषा शाबूत होती, म्हणून तो तिला सापडला.) मी म्हणालो, वृत्त बिघडत होतं गं. त्यावर ती म्हणाली, मामा, आता आराम करा. निवृत्तीच्या दिवशी साहेबही असंच म्हणाले होते.

तुझा
धाकटा

ता. क. – गुडघ्याची चौकशी मनापासून आहे, पण पत्राचं कारण वेगळं. ती तुझं ऐकते. तिला म्हणावं, मामाला पुन्हा खुणा करू दे. दुपारी फार लांब झाल्यात.

पुन्हा ता. क. – पाकीट चिकटवण्याआधीच तिचा फोन आला. आठ दिवसांच्या बोलीवर नवा तारा मिळालाय. तरी तू बोलच, कारण याची तिसरी खळगी उशिरा आली आहे. उजवा हात मांडीखाली दाबून बसलोय. या चार ओळी डाव्या हाताच्या आहेत. अक्षराला हसू नकोस.